दोन बोटं रुंद पट्टा

मला माझ्या चुलत बहिणीचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. आजीबद्दल लिहायला बसले की आजीच्या आधी ताईच समोर येते, आणि या वयातही पोटात दुखतं.

आमचं घर विणकरांचं, पवनीच्या जुन्या वस्तीतलं. बाबा आणि काका मागावर कोशाची, म्हणजे रानरेशमाची, लुगडी विणायचे आणि त्यांच्यासाठी धागा काढायच्या घरातल्या बाया. रानातून आलेले कोसे राखेच्या पाण्यात उकळायचे, मऊ झाले की चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत जायचं. आजी नऊ वर्षांची नवरी होऊन आली तेव्हापासून हेच करत होती. आजोबा लवकर गेले. दोन मुलं पदरात, शेत नाही, पाठीशी माहेर नाही. "या मांडीनं वाढवलं यायले," असं म्हणत ती डाव्या मांडीवर थाप मारायची. सत्तर सालाच्या सुमाराला, मी दहा-अकरा वर्षांची असताना, ती मांडी वाटणाच्या पाट्याइतकी गुळगुळीत झाली होती. तिच्यावर डोकं ठेवून झोपण्यावरून माझी आणि ताईची भांडणं व्हायची. बहुतेक वेळा ताई मुकाट्याने बाजूला व्हायची, आणि त्याचाही मला राग यायचा.

आमच्यात एक नियम होता: एका लुगड्याला एकच हात. प्रत्येक बाईचा पीळ वेगळा, जाडी वेगळी. दोघींचा धागा एका कापडात गेला की मध्येच पट्टा उमटतो आणि व्यापारी ते लुगडं बाजूला टाकतो. म्हणून आजीच्या टोपलीत दुसऱ्या कोणाचीही कांडी, धागा गुंडाळलेली नळी, जायची नाही, आईची नाही की काकूची नाही. आजी डोळे मिटून धागा अंगठ्याखालून सरकवायची आणि कोणाचा ते सांगायची. माझा तर तिला वीतभरातच कळायचा.

"तुया हातात राग आहे वो पोरी," ती म्हणायची. "धाग्याले समजते."

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शांत, कामसू, एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगायला न लावणारी. तिने तेराव्या वर्षी काढलेला धागा आजीने अंगठ्याखालून सरकवला, परत सरकवला आणि विचारलं, "हा माया आहे का तुया?" घरभर कौतुक झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला आजीकडून फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, माझा धागा हातात घेऊन तिने "चालते" म्हणावं, एवढंच हवं होतं.

पुढे आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हातही कापू लागला. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं, की जन्मभर लोकांच्या लुगड्यांसाठी धागा काढणाऱ्या या बाईने स्वतः कधी कोशाचं लुगडं नेसलेलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाबांनी ठरवलं, आजीच्याच धाग्याचं एक लुगडं आजीसाठी विणायचं. आजी नको नको म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच कोसे उकळायला बसली.

अर्ध्यातच तिचा हात थकला. राहिलेला धागा कोण काढणार, हे विचारायचीही गरज नव्हती. ताई तिच्या शेजारी बसली. दोघींच्या मांड्या एका रेषेत, मधे एकच टोपली. मी घागर घेऊन जाता-येता ते बघायची आणि मनातल्या मनात ताईला शिव्या द्यायची.

एका दुपारी ताई पाण्याला गेली आणि आजीला डुलकी लागली. मी पाच दिवस लपूनछपून धागा काढून, कांडीवर भरून ठेवला होता. ती कांडी मी त्या टोपलीत टाकली. माझी खात्री होती, की यावेळी धागा जमलाय, कोणाला काही कळणार नाही आणि आजीच्या लुगड्यात माझाही हात राहील.

बाबांच्या मागाच्या खोलीला एकच खिडकी होती. त्या अंधूक उजेडात त्यांना फरक दिसला नाही. लुगडं उतरवून अंगणात दोरीवर टाकलं आणि उन्हात सगळं उघड झालं. पदराच्या तोंडाशीच दोन बोटं रुंद, जाडाभरडा पट्टा होता.

"कोनाची कांडी आहे हे?" बाबा ओरडले.

मी आईच्या मागे सरकले. आजी हळूहळू दोरीपाशी आली, तिने पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "राहू दे. मायंच लुगडं आहे, बजारात इकाचं थोडीच आहे?"

ते लुगडं तिने पुढची बारा-तेरा वर्षं सणासुदीला नेसलं. शेवटी तिला दिसेनासंच झालं, तेव्हा ती ओसरीवर बसून पदर मांडीवर घ्यायची, चाचपत चाचपत तो पट्टा शोधायची आणि सापडला की त्यावर अंगठा फिरवत बसायची. तिला ठाऊक आहे, तो माझा आहे, हे मी मनाशी धरून होते. ताई माहेरी आली की मी तिला मुद्दाम आजीसमोर बसवायची. बघ म्हणावं, हात कुठे थांबतो ते.

आजी नव्वदीच्या पुढे जाऊन, झोपेतच गेली. तेराव्याला काकूने सांगितलं, की लुगडं ताईला द्यायचं, त्यात तिचा हात आहे, तशी आजीचीच इच्छा होती. मी सगळ्यांसमोर उठून गेले. माझाही हात आहे, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण चोर कसा ओरडणार?

दोन वर्षांनी तुमसरला एका लग्नाला गेले होते. ताईचं सासर तिथलंच. तिने आग्रहाने घरी नेलं, चहा दिला आणि न मागता पेटीतून लुगडं काढलं. कडुनिंबाचा पाला झटकून माझ्या मांडीवर ठेवलं.

"कांडी तुयी होती. मले तवाच माहीत होतं," ती म्हणाली. "काका तुले बदडतीन म्हणून मी आजीले सांगितलं, की माया हात चुकला."

म्हणजे माझी चोरीसुद्धा हिनेच स्वतःच्या नावावर घेतली होती! आजी इतकी वर्षं अंगठा फिरवत होती तो ताईचा म्हणून?

"मग आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, खोटं बोलू नको. तुया हात मले सापडत नाही. हा सापडते."

ताईने पदराचं टोक हातात घेतलं.

"मी जलून जायची वो तुयावर," ती म्हणाली. "अर्धं लुगडं माया धाग्याचं आहे. मी एक वीतही चुकू देल्ली नाही. पन आजीचा अंगठा कधी मायापाशी थांबला नाही. मी कितीदा पाहिलं, मायं कुठून सुरू होते. मलेच दिसत नाही."

मी लुगडं दारापाशी उजेडात नेलं. इंच इंच अंगठ्याखालून सरकवत ताईचा धागा शोधू लागले. माझा पट्टा लगेच लागला. दिवेलागणीपर्यंत मी बसून होते. तिचा काही मला सापडला नाही.