बिस्कीट कलरची स्टेशन वॅगन

गाडीच्या सीटा शिवणाऱ्या माणसाकडे किस्से जमतात, त्याला इलाज नाही. मिस्त्रीकडे गाडी सोडून लोक निघून जातात. सीट कव्हरवाल्याकडे मात्र बसून राहतात. कपडा निवडायचा, कलर निवडायचा, घरी फोटो पाठवायचा, घरून 'नको' आलं की पुन्हा निवडायचा! तेवढ्या वेळात माणूस सगळं बोलून मोकळा होतो.

हिंगणघाटला हायवेच्या बाजूला सव्वीस वर्षं झाली माझ्या दुकानाला. निम्मेअधिक किस्से हसण्याचे. पण एका गाडीचे असे आहेत, की मी हसत हसत सांगायला लागतो आणि मध्येच सुनंदाताई मशीन थांबवून म्हणतात, "बस झालं आता."

आज त्या सुट्टीवर आहेत. सांगून घेतो.

* * *

दुकानात आम्ही तिघं. कटिंग आणि गादी माझी, शिलाई सुनंदाताईंची, लाकूडकाम आणि छत जावेदभाईंचं.

एक दिवस वडनेरहून ट्रॅक्टरला दोर बांधून एक जुनी स्टेशन वॅगन आली. गाडी कसली, आगगाडीचा डबा! समोर मोटार, मागं लांबच लांब सामानाची जागा. गजभिये सरांच्या वडिलांची. वडिलांनी, म्हणजे नामदेवरावांनी, ती टॅक्सी म्हणून चालवलेली. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, दसऱ्याला नागपूर. ते गेल्यावर गाडी गोठ्यात पडून होती. सर सावंगीला मेडिकल कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. त्यांना गाडी आतून एकदम नवी करून पाहिजे होती.

जावेदभाईंनी मागचा दरवाजा उघडला आणि तसाच बंद केला.

"सवारी बैठी है अंदर."

मागच्या सीटवर कोंबडी! फाटक्या सीटच्या खड्ड्यात अंड्यांवर बसलेली. वडनेरपासून ट्रॅक्टरमागं धक्के खात आली, पण उठली नाही.

सरांनी आईला फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "उठवू नोको तिले. बसली हाय तं बसू दे. दहा-बारा दिवसांत पिल्लं निघतीन."

मग काय! रोज सकाळी जावेदभाई वाटीत पाणी ठेवायचे, दाणे टाकायचे आणि वाकून विचारायचे, "मॅडम, और कितने दिन?"

अकरा दिवसांनी सात पिल्लं निघाली. सरांनी खोक्यात घालून नेली. गाडीला हात लागायच्या आधीच आम्ही अकरा दिवस लेट!

तेव्हा फार हसलो होतो.

* * *

सरांनी मोबाईलवर फोटो दाखवला. परदेशातली अशीच जुनी गाडी, आत लाकडाच्या पट्ट्या, फिकट रंगाच्या सीटा, पाय ठेवायलाही भीती वाटेल अशी.

"कलर बिस्कीट पाहिजे."

"कोणतं बिस्कीट?" मी विचारलं. माझी चूक झाली.

जावेदभाई समोरच्या टपरीवर गेले आणि पाच प्रकारची बिस्किटं घेऊन आले. बॉनेटवर ओळीनं मांडली. सरांनी चष्मा काढला, घातला, एकेक बिस्कीट उन्हात धरून पाहिलं. अर्ध्या तासानं दुसऱ्या नंबरवर बोट ठेवलं.

"हाच!"

"फायनल?"

"फायनल."

सर फोनवर बोलायला बाजूला गेले. मी सॅम्पल नागपूरला न्यायला कागद शोधायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तर बॉनेटवर चारच बिस्किटं. सुनंदाताई कपबशी घेऊन उभ्या.

"ताई, इथलं दुसरं बिस्कीट?"

"मले का मालूम! चहासंग कोणी ठेवलं म्हनलं."

जावेदभाई तिथूनच ओरडले, "सर, आपका कलर ताईने चाय में डुबा दिया!"

सरांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. पण माणूस हट्टी. तोच कलर पाहिजे म्हणजे पाहिजे. नागपूरला माझ्या तीन चकरा झाल्या, शेवटी दिल्लीहून रेक्झिन मागवलं. एका बिस्किटापायी दीड महिना गेला. तेवढ्यात इंजिनाच्या मिस्त्रीनं इथंच येऊन गाडी चालू करून दिली.

म्हणजे गाडी चालत होती. फक्त बसायला जागा नव्हती.

* * *

सरांची आई, आम्ही सगळे त्यांना माय म्हणायला लागलो, दर सोमवारी वडनेरहून एसटीनं यायच्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पण चाल तुरुतुरु. हिंगणघाटच्या बाजारात काही घ्यायचं असो-नसो, आधी दुकानात.

"जय भीम, बापू. झाली का गाडी?"

"पुढच्या सोमवारी, माय."

पिशवीतून वांगी काढून सुनंदाताईंच्या मशीनवर ठेवायच्या, घोटभर चहा घ्यायच्या, गाडीभोवती एक चक्कर मारायच्या आणि जायच्या. पुढच्या सोमवारी हरभऱ्याची भाजी. त्याच्या पुढच्या सोमवारी चिंचा.

आमच्या धंद्यात तारीख म्हणजे नुसता बोलण्याचा विषय. खरी तारीख कोणी सांगत नाही, कोणी मागत नाही. पण एका सोमवारी मी सवयीनं "पुढच्या सोमवारी" म्हणालो, तर त्या थांबल्या.

"तू सोमवारच काऊन सांगतं गा, बापू? मी सोमवारी येतो म्हनून?"

जावेदभाई छताला चिकटून हसत होते. मीही हसलो. सुनंदाताई एवढंच म्हणाल्या, "त्याहिले काई घाई हाय का, ते विचारा ना एकदा."

मी विचारलं नाही.

* * *

आता हा किस्सा मी दुकानात कधी सांगितलेला नाही.

छताचं कापड मी कापलं. जावेदभाईंनी माप दोनदा घेऊन पाटीवर लिहून ठेवलं होतं. मी फोनवर एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कात्री चालवली. बसवायला गेलो तर मागच्या बाजूला चार बोटं कमी!

स्टेशन वॅगनचं छत एवढं लांब, की जोड दिला तर लगेच दिसतो. जावेदभाई पाटीकडे पाहत होते, मग माझ्याकडे.

सरांना मी सांगितलं, "कापडात डिफेक्ट निघाला सर, कंपनीले वापस पाठवलं."

सर म्हणाले, "बरं झालं तुम्ही आधीच पाहिलं. दुसरा असता तर तसंच लावून दिलं असतं!"

नवं कापड यायला अठरा दिवस लागले. डिफेक्ट कापडात नव्हता, हे मी सरांना अजूनही सांगितलेलं नाही.

* * *

सरांची स्वतःची लिस्ट मोठी होती. कप ठेवायला जागा, चार स्पीकर, दरवाज्याला लाकडी पट्टी, मोबाईलचं चार्जिंग. पुढची अख्खी लांब सीट काढून तिथं दोन वेगळ्या सीटा. मी त्या दोन सीटांचे सांगाडे तयारही केले.

माय सोमवारी आल्या, डोकावून पाहिलं आणि विचारलं, "पुढची सीट कुठं गेली?"

"आता दोन वेगळ्या येतात माय. तुमची सोफ्यासारखी!"

"मंग पुढं दोघी कशा बसतीन?"

"दोघी कोण?"

"मी अन् माही लहानी बहीन. तळेगावची."

मग स्टूलवर बसून त्यांनी सांगितलं. टॅक्सी होती तेव्हा पुढची सीट म्हणजे पैसे देणारी सवारी. या दोघी बहिणी नेहमी मागं, सामानात. पोत्यावर बसायचं, डोकं छताला लागायचं. बहीण म्हणायची, एकदा आपण पुढं बसू व बाई, अन् तळेगावहून वर्ध्यापर्यंत जाऊ, सारा रस्ता समोरून पाहत.

"तुह्या सासऱ्याची गाडी हाय का, असं माह्या पोराचे बाबा तिले म्हनायचे," माय हसत म्हणाल्या. "हसायचे अन् पुढं सवारीच बसवायचे."

मी सरांना फोन केला. सर आधी सीट बेल्टचं बोलले, मग फोटोतल्या गाडीचं बोलले. शेवटी म्हणाले,

"भाऊ, लांब सीट होईल का परत?"

"होईल. पण नव्यानं सांगाडा करावा लागेल. तीन आठवडे जातील."

"जाऊ द्या. मायले सांगू नका, सरप्राईज ठेवू."

दुकानात आम्ही तिघंही खुश! जावेदभाईंनी सांगाडा असा केला की तिघं आरामात बसावेत. सुनंदाताईंनी शिलाई दोनदा उसवून पुन्हा घातली. कुठंतरी चांगलं काम करतोय असं वाटत होतं. आणि माय सोमवारी आल्या की गाडीवर चादर टाकून ठेवायचो. "पाहायची नाही माय! पुढच्या सोमवारी!"

त्या चादरीकडे पाहून मान हलवायच्या.

* * *

मग एका सोमवारी माय आल्या नाहीत.

अकराची एसटी गेली, बाराची गेली. सुनंदाताई दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आल्या. मी म्हणालो, लग्नसराई आहे, कुठं गेल्या असतील.

बुधवारी सर स्वतः आले. स्टूलवर बसले.

"तळेगावची मावशी गेली. लय दिवसांपासून आजारीच होती. माय शनिवारीच गेलती तळेगावले. एसटीनं."

मशीन थांबलं. सुनंदाताईंनी तोंडाला पदर लावला.

आजारी आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. चहा पाजला, वांगी घेतली, सोमवार दिले.

मी घाईघाईनं म्हणालो, "सर, परवा देतो गाडी. सगळं तयारच आहे, फक्त बसवायचं आहे."

सरांनी चादरीचं एक टोक उचलून लांब सीट पाहिली आणि टोक पुन्हा नीट सोडलं.

"सावकाश करा भाऊ. आता काही घाई नाही."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आम्ही दुसरं काही काम हातात घेतलं नाही. चार दिवसांत सगळी गाडी तयार झाली. सात महिने जे होत नव्हतं, ते चार दिवसांत झालं. म्हणजे होण्यासारखं होतं.

* * *

गाडी न्यायला सर आणि माय दोघंही आले. चादर काढली. माय सीटवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मग सुनंदाताईंना म्हणाल्या, "तू शिवलं का व? लय झ्याक झालं." सुनंदाताई आत निघून गेल्या.

मला वाटलं होतं मला काहीतरी ऐकवतील. मी तयारही होतो.

"चाल, तळेगावले जाऊन येऊ," त्या सरांना म्हणाल्या.

"आजच?"

"मंग कवा?"

नवी सीट चालत्या गाडीत कुठं वाजते ते ऐकायला मी पहिल्या फेरीला सोबत जातो. मी मागं बसलो. सर स्टीअरिंगवर. माय पुढं चढल्या आणि मधोमध बसल्या, सरांना लागून.

"माय, खिडकीकडे सरका ना, मोकळं बसा," मी म्हणालो.

"राहू दे."

वर्धा गेलं, आर्वी गेली. सीट कुठंच वाजली नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हातून इतकं बिनआवाजाचं काम झालं नव्हतं. माय समोरचा रस्ता पाहत होत्या. मध्येच एखादं गाव आलं की त्याचं नाव हळू आवाजात घ्यायच्या, आणि मान जराशी खिडकीच्या बाजूला वळवायच्या.

तळेगावात बाजार ओलांडून गाडी एका गल्लीत शिरली. मावशीच्या घरासमोर सरांनी इंजीन बंद केलं आणि उतरायला दरवाजा उघडला. मायनं त्यांचा हात धरला.

"थांब. हॉर्न वाजव."

सरांनी हॉर्न दाबला. आतून मावशीची सून आली, हाताला पीठ लागलेलं. मागून दोन पोरं धावत आली. शेजारचं दार उघडलं. गाडी पाहून सगळे फाटकाशी उभे राहिले. सून "या ना मोठ्या मावशी, या ना" म्हणत होती.

"माय, आले सगळे," सर म्हणाले. "उतर ना."

माय त्या सगळ्यांच्या मागं, उघड्या दाराकडे पाहत होत्या.

"अजून वाजव," त्या म्हणाल्या. "तिले कमी आयकू येते."

सरांनी दरवाजा ओढून घेतला आणि पुन्हा हॉर्न दाबला. बराच वेळ दाबून ठेवला.