बाहेरून लावलेलं कुलूप

रेडिओवर माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा इंजिनिअर देवरे पाइपलाइनशेजारी उभा होता आणि मी त्याच्या कामाचं परमिट तपासत होतो. मी कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला या भागातल्या एका रिफायनरीत कंत्राटदाराकडे सेफ्टी ऑफिसर आहे. परमिट म्हणजे काम सुरू करायची लेखी परवानगी. लाइन रिकामी आहे का, गॅस तपासला का, काही झालं तर माणूस बाहेर कुठून पडेल, हे बघून मी सही करतो. मगच पाना लागतो. आत मोबाइल चालत नाही, ठिणगीची भीती असते. सगळ्यांचे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये.

ऑफिसातला क्लार्क रेडिओवर म्हणाला की देवरेच्या मिसेसचा फोन होता, सालमियाला त्यांच्या बिल्डिंगमध्ये धूर झालाय, त्याला लगेच घरी पाठवा.

मी देवरेला सांगितलं. मला वाटलं तो विचारेल, धूर किती, आग कुठे. त्याने काहीच विचारलं नाही.

"दादा एकटे आहेत," तो म्हणाला. वडिलांना तो दादा म्हणतो. मग खालच्या आवाजात, "दार बाहेरून लॉक केलंय."

"चावी?"

"एक माझ्याकडे, एक मेधाकडे."

मेधा, म्हणजे त्याची बायको, जहऱ्याला एका शाळेत शिकवते. म्हणजे दोन्ही चाव्या घरापासून लांब होत्या.

उघडी लाइन तशीच टाकून निघता येत नाही. दुसऱ्या इंजिनिअरला काम समजावून दिलं, सह्या केल्या. तेवढ्यात सुपरिंटेंडंट आला. त्याने विचारलं, देवरे जातोय ते ठीक, तू कशाला? मी म्हटलं, हा आत्ता गाडी चालवायच्या अवस्थेत नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि जा म्हणून हात हलवला.

गेटवर लॉकरमधून फोन घेतले आणि निघालो. गाडीत देवरे बोलत राहिला. वडील नाशिककडचे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीभर कालव्याच्या भरावावरून पायी फिरले. आई गेल्यावर त्यांना इथे आणलं. कागदपत्रांची बरीच खटपट झाली. आल्यावर काही महिन्यांत विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही, मग घर. एकदा दुपारी निघून गेले ते समुद्राकाठी सापडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मराठीत विचारत होते, एवढं पाणी कोणी सोडलं, कोणाच्या ऑर्डरने सोडलं. उन्हाने ओठ फुटले होते. त्या दिवसापासून कुलूप.

"दुपारी मेधा येईपर्यंतच तर असतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बाहेर पडायची वाट कधी अडवू नका, हे मी दर आठवड्याला ट्रेनिंगमध्ये सांगतो आणि हा पुढच्या रांगेत बसतो. ते त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. हायवेवर ट्रॅफिक होतं.

अर्ध्या वाटेत त्याचा फोन वाजला. समोरच्या फ्लॅटमधल्या शकिलाभाभी. काका सुखरूप आहेत, फायरवाल्यांनी दार तोडून बाहेर काढलं. देवरेने फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. मी एसी वाढवला. दुसरं काय करणार.

बिल्डिंगखाली पाणीच पाणी होतं. खालच्या मजल्यावरचं मीटरचं पॅनल जळालं होतं. आग छोटी, पण धूर जिन्यातून वर चढलेला. इथे बिल्डिंगच्या वॉचमनला हारिस म्हणतात. त्या हारिसच्या खुर्चीवर काका बसले होते. अंगावर कोणाची तरी शाल, हातात चहा, पायात बूट. बुटांच्या नाड्या व्यवस्थित बांधलेल्या.

शकिलाभाभी श्रीवर्धनच्या. धुराचा वास आल्यावर त्यांनी आधी फायर ब्रिगेडला फोन केला, मग मेधाच्या शाळेत. मग काकांच्या बंद दाराशी उभ्या राहून बोलत राहिल्या. टॉवेल भिजवा, फटीला लावा, खिडकीशी बसा. काकांनी सगळं केलं.

"मी इथून हाका मारतेय, तर ते मलाच सांगतात," भाभी म्हणाल्या, "बाई, तुम्ही खाली जा. मुलगा कामावर आहे, त्याला नका कळवू."

फायरवाल्यांनी ओढून नेईपर्यंत भाभी खाली गेल्या नव्हत्या. त्यांचा आवाज बसला होता आणि डोळे लाल झाले होते.

फायरचा ऑफिसर आला. त्याने इंग्लिशमध्ये विचारलं, दाराला बाहेरून कुलूप कोणी लावलं? देवरे तोंड उघडायच्या आत काका हिंदीत म्हणाले, "चावी मुझसे खो गई."

ऑफिसरला तेवढी हिंदी कळली. त्याने दाराबरोबर तुटून आलेलं कुलूप पाहिलेलं होतं. आतल्या माणसाने चावी हरवली म्हणून कुलूप बाहेरून लागत नाही. तो देवरेकडे बघत थांबला.

"नो सर. मी लावलं," देवरे म्हणाला.

ऑफिसर त्याला बाजूला घेऊन गेला. ओरडला नाही. पुन्हा असं आढळलं तर केस होईल, एवढं सांगून त्याने सोडलं. काकांना खरंच वाटलं होतं की चावी हरवली, की त्यांनी मुलाला पाठीशी घातलं, हे मला आजही सांगता येणार नाही. देवरेने नंतर एकदा विचारून पाहिलं. काका म्हणाले, कसली चावी?

संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी बसलो. दाराच्या जागी पडदा लावला होता. सगळ्या घराला धुराचा वास. मेधा बराच वेळ फरशी पुसत होती. मग फडकं खाली ठेवून माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, कुलूप नको हे मलाही कळतं. मग काय करू ते सांगा. नोकरी सोडू? नाशिकला पाठवू? तिथे दार उघडायला तरी कोण आहे?"

प्लांटवर धोका काढून टाकता आला नाही, तर त्याच्या वाटेत एकामागे एक आडकाठ्या घालतो. एक चुकली तर दुसरी. मी तेवढंच सुचवलं. नवं दार आतून कधीही उघडेल असं. दार उघडलं की देवरे, मेधा आणि भाभी यांच्या फोनवर घंटी वाजेल असा सेन्सर. गॅसचा मेन कॉक सकाळी बंद. बाथरूममध्ये धरायला दांडा. काकांच्या खिशात बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि अरबीत लिहिलेली चिठ्ठी: मला विसरायला होतं, या नंबरवर फोन करा.

देवरेचा फोन दिवसभर लॉकरमध्ये असतो, तेव्हा घंटी ऐकणार कोण? म्हणून मी सुपरिंटेंडंटकडे गेलो, याला फील्डमधून काढून प्लॅनिंगला बसवा म्हणून. प्लॅनिंगचं ऑफिस गेटबाहेर आहे.

तो म्हणाला, "मी इथे घरच्या अडचणी सोडवायला बसलोय का?"

मी म्हटलं, "डोकं घरी ठेवून आलेला माणूस उघड्या लाइनवर उभा करायचा असेल, तर परमिटवर माझी सही मिळणार नाही."

बरेच दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. पण देवरेची बदली झाली. साइटचा भत्ता गेला. त्याने तक्रार केली नाही.

काका नंतरही बाहेर पडले. एकदा कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, जाऊन बसले. दुकानदाराने चिठ्ठी वाचून फोन केला. एकदा घंटी वाजल्यावर भाभी चप्पल न घालताच धावल्या आणि लिफ्टपाशी गाठलं. आणि एकदा त्या पोहोचायच्या आत काका जिन्यात पडले. उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी देवरे माझ्या केबिनमध्ये आला. उभाच राहिला.

"कुलूप असतं तर हात मोडला नसता," तो म्हणाला.

"नसता मोडला," मी म्हटलं.

तो तसाच परत गेला. त्याने कुलूप पुन्हा लावलं नाही. आता तो सकाळी कामाला निघण्याआधी काकांना समुद्राकाठी फिरवून आणतो. त्यामुळे काका दुपारी झोपतात. बहुतेक वेळा.

आमच्या प्लांटच्या भिंतीवर 'झीरो अपघात' असं मोठं पोस्टर आहे. ते लावायचं काम माझंच आहे. पण कोणी म्हाताऱ्या माणसाच्या घरी सल्ला विचारायला बोलावलं, तर मी ते शब्द वापरत नाही. तिथे एवढंच विचारतो की हे जे तुम्ही करताय, त्याने नेमकं काय कमी होतं? त्यांचा धोका, की तुमच्या डोक्याला लागलेला घोर? पुष्कळदा घोरच कमी होतो. लोक थकलेले असतात, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. फक्त दार आतून उघडतं का, ते आधी बघतो.