करपलेला मोहोर

दहिवलीमागच्या उतारावर आमच्या बाबांनी हातानं काजू लावले होते. त्या जानेवारीत ढगाळ हवा आणि धुकं हटेचना, आणि मोहोरावर बुरशी आली. मी पाठीला पंप लावून औषध मारलं, पण मोहोर काळा पडून हातात चुरू लागला. धरलेल्या कोवळ्या बियाही गळाल्या.

"बाबा, काय नाय उरलं. चला घरी."

"खालची फांदी बघ रं, तिथं हिरवं हाय."

बाबांची नजर अधू झाली होती. त्यांना दिसत होती ती नुसती पानं होती. माझ्यानं सांगवलं नाही. मी पंप पुन्हा भरला आणि त्या पानांवर मारत राहिलो. बाबा बाजूला उभं राहून म्हणत होते, "नीट मार, सगळीकडं लागूं दे." त्या हंगामात एक बी घरी आली नाही.