पहिल्या कार्टूनची रेघ

विठ्ठलवाडीच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याने आमच्या कॅसेटी टेबलावर आपटल्या. “पहिलं कार्टून चकाचक, पुढची आठ धुरकट. पहिलं संपलं की गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्या व्हीसीआरचं हेड बिघडलं. लोक हेड साफ करून करून वैतागलेत.”

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उल्हासनगरात कॅसेटी भरून देणाऱ्या युनिटमध्ये मी टेक्निशियन होतो. जुन्या छोट्या कार्टूनपटांची एक कॅसेट आम्ही काढली होती. त्यातली आठ परदेशी, कॉपीवरून कॉपी होत आमच्यापर्यंत आलेली. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर फुगतं, तसंच व्हिडिओचं. त्या प्रत्येक पायरीला आम्ही जनरेशन म्हणायचो. दर जनरेशनला रेघ जाडावते, लाल रंग बाहेर सांडतो. गेलेलं परत येत नाही.

पहिलं कार्टून अंबरनाथच्या कांबळेकाकांचं होतं. नोकरीत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची चित्रं रंगवली. हे सहा मिनिटांचं माकड तेवढं त्यांचं स्वतःचं, एकट्याने काढलेलं. प्रिंटही एकच, आणि तिला व्हिनेगरसारखा वास यायला लागला होता. म्हणजे फिल्म कुजत चालली होती. मीच ती मुंबईला नेऊन टेलिसिने करून आणली, म्हणजे फिल्मवरचं चित्र मोठ्या टेपवर उतरवून घेतलं. तिथल्या माणसाने बजावलं, “आकसलीय. परत मशीनवर चढणार नाही.” चित्र मात्र सुरेख आलं होतं.

लायब्ररीवाला गेल्यावर आमचे मालक, टेकचंद सेठ, म्हणाले, “जाधव, सब एक जैसा कर दे.”

“बाकीची आठ सुधरणार नाहीत, सेठ.”

“तो पहलेवाला भी उनके जैसा कर दे. कंप्लेंट बंद होना मंगता है.”

मला राग आला. तरी मी बसलो. काकांचं कार्टून साध्या कॅसेटवर घेतलं, तिच्यावरून दुसरीवर, मग तिसरीवर. चौथ्या जनरेशनला माकड बाकीच्यांत बेमालूम मिसळलं. खोटं कशाला सांगू, जमल्याचा आनंदही झाला.

मोठ्या टेपची आमच्याकडे कायम चणचण असायची. काम झालं की टेप पुसून दुसऱ्या कामाला लावायची, अशी पद्धत. काकांच्या टेपवरचं लेबल मी नखाने खरवडलं आणि टेप लग्नाच्या एडिटिंगला देऊन टाकली. सवयीचा हात, दुसरं काय.

तक्रारी थांबल्या. महिन्याभराने काका आपली कॅसेट न्यायला आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी मॉनिटरवर लावून दिली. ते खुर्ची पुढे ओढून बसले, मग आणखी पुढे सरकले.

“जाधव, ही शेपटी मी एका दमात ओढली होती. ब्रश न उचलता. इथं तर लोकरीची दिसतेय.”

मी उगाच मॉनिटरचं बटण फिरवून बघितलं.

“मूळ टेपवरनं एक कॉपी काढून देशील? नातवाला दाखवायचीय.”

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. “प्रिंटच तशी होती काका. टेपवर असंच उतरलंय.”

ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “माझंच चुकलं. ओल धरलेल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवली इतकी वर्षं. बायको सांगत होती, दुसरीकडे ठेवा. तू तरी काय करणार?” आणि कॅसेट पिशवीत घालून, मला थँक्यू म्हणून गेले.

मी स्टेशनपर्यंत मागे गेलोही, पण ते पूल चढताना दिसले आणि मी परत फिरलो.

पुढे बदलापूरला माझं स्वतःचं दुकान झालं. ज्याचं चित्र त्याला विचारल्याशिवाय मूळ टेप पुसायची नाही, हा तिथला पहिला नियम. पाळायला अगदी सोपा आहे. काकांना खरं सांगायला मात्र मी कधीच गेलो नाही. त्यांच्या मुलीकडून कळलं की त्यांनी ते कपाट विकून टाकलं.