फोनमधून न येणारा टाळ

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती लालबागहून आमच्याकडे दादरला राहायला आली. तिची खोली चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिने चढता आले तरच परत पाठवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "जावयाच्या घरात किती दिवस पसरायचं गो?" असं ती उठता-बसता विचारायची, पण व्यायामाची वेळ झाली की नेमकं तिचं डोकं दुखायचं.

तिचा जीव अडकला होता मंगळवारच्या भजनात. चाळीतल्या बायका शेजारच्या काकींच्या खोलीत जमतात आणि टाळ आई वाजवते. मी लहान असल्यापासून तीच. आता जाता येईना म्हणून काकींनी तोडगा काढला: भजनाला बसलं की आईला फोन लावायचा आणि तो सगळ्यांच्या मध्ये ठेवून द्यायचा. व्हिडिओ कॉल आईने पहिल्या दिवशीच उडवून लावला. वॉकर धरलेली आपण कुणाला दिसू नये, एवढा तोरा तिच्यात शिल्लक होता आणि मला त्याचं बरंच वाटलं. ती फोन उशीवर ठेवायची आणि पलंगावर बसून त्यांच्याबरोबर गायची.

पहिलं भजन संपलं तशी ती म्हणाली, "टाळ कोणी घेतलाच नाही बघ. लय कशी पडली होती, ऐकलंस ना?"

मी इंजिनिअरिंग कॉलेजात सिग्नल प्रोसेसिंग शिकवते. चुकीचं विधान कानावर आलं की माझ्या जिभेला खाज सुटते. नवरा त्याला आजार म्हणतो. साधा फोन आवाजाचे नमुने घेतो, सेकंदाला साधारण आठ हजार. आवाज फार बारीक, म्हणजे फार वरच्या पट्टीतला असला तर तो त्या नमुन्यांत मावत नाही, उलट भलत्याच जाड आवाजाचं सोंग घेऊन परत येतो. म्हणून नमुने घेण्याआधीच तो गाळून टाकतात. माणसाचं बोलणं-गाणं या चाळणीतून बऱ्यापैकी पलीकडे जातं. टाळाची किणकिण बहुतेक वरच अडकते आणि जी थोडीफार उतरते ती फोन गोंगाट समजून दाबतो. म्हणजे टाळ वाजत असणार, फक्त आमच्यापर्यंत पोचत नव्हता. खात्री करायला मी काकींना विचारलंही.

"मीच वाजवतंय गो," त्या म्हणाल्या. "आईक सांग, काळजी करू नको."

सांगायला म्हणून खोलीत गेले, तर आई पलंगाची कड धरून उभी राहत होती. कुणी न सांगता. "त्यांचं माझ्यावाचून अडतंय," ती म्हणाली. चेहरा नुसता खुलला होता. मी आल्या पावली मागे फिरले. जे पेलणार नाही ते आधीच गाळा, असं मी वर्गात सांगते. एखादी मुलगी हमखास विचारते, मॅडम, पण ते खरं असतं ना? असतं, बाई. खरंच असतं.

पुढच्या मंगळवारांना लय आणखीच रेंगाळायला लागली. आई गाता गाता कपाळाला हात लावायची आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगचे जिने हट्टाने चढायची. मला धास्ती एकच होती. खरं कळलं की ही पुन्हा पलंग धरणार, आणि मग लालबाग कायमचं सुटणार.

शेवटी डॉक्टरांनी हो म्हटलं. परत जायला तिने मंगळवारच निवडला आणि आज फोन लावू नका, असं काकींना मोघम कळवून टाकलं. तिला सगळ्यांना चकित करायचं होतं. चाळीचा दुसरा मजला ओलांडून आम्ही वळलो, तोच वरून भजन ऐकू आलं. त्यात टाळ होता, अगदी स्वच्छ. आई थांबली.

"कोण वाजवता?"

"काकी."

"आजपासून?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. "पहिल्या मंगळवारपासून," मी म्हणाले. "फोनमधून टाळ येत नाही. मला माहीत होतं."

ती कठडा धरून उभी राहिली. "म्हणजे माझ्यावाचून काय अडला नाय," एवढंच म्हणाली. मला माझ्या शहाणपणाचा आणि माझ्या गप्प बसण्याचा, दोन्हींचा राग आला. उरलेल्या पायऱ्या ती चढली, पण त्या चढण्यात जोर नव्हता.

दारात तिला पाहून बायकांनी भजन अर्ध्यात सोडलं. कुणी खुर्ची ओढली, कुणी पाणी आणलं. काकी टाळ घेऊन पुढे आल्या, तर आईने हात मागे घेतला. "तुझा बरा चाललाहा."

"बरा खयचा?" काकी भडकल्याच. "तुझो आवाज फोनातून मागसून येय होतो. तू मागे रवशीत म्हणान आम्ही दर ओळीक थांबत होतंव. आज फोन नाय म्हणान लय पळवूक गेलंव, तर कोणाचोच सूर लागना."

फोनवरचा आवाज उशिरा पोचतो, हेही मी शिकवते. त्या उशिरासाठी पलीकडे खोलीभर बायका थांबत असतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी दारातच उभी राहून रडले.

आई खुर्चीत बसली. टाळाच्या दोऱ्या तिने बोटांत अडकवून घेतल्या आणि काकींना म्हणाली, "मग आता थांबू नका."