पाटोद्यातल्या चार खुर्च्या

मी गिटार जुळवत होतो, तेवढ्यात मान्यवर येऊन माझ्या खुर्च्यांवर बसले.

स्टेजच्या मधोमध मी एक टेबल मांडायला लावलं होतं. भोवती चार खुर्च्या. एक माझी, तीन रिकाम्या. पाटोद्यातल्या एका वाचनालयाचा वर्धापनदिन होता. आधी सत्कार, मग माझा कार्यक्रम. आपल्याकडे स्टेजवर रिकामी खुर्ची दिसली की जे होतं तेच झालं. एकीवर अध्यक्ष, दुसरीवर प्रमुख पाहुणे आणि तिसरीवर नुकताच ज्यांचा सत्कार झाला ते रामकिसन आबा. आबांनी जन्मभर शेळ्यामेंढ्या राखल्या. अंगावर शाल, मांडीवर नारळ.

वाचनालयाच्या शेख सरांना मी बाजूला घेतलं.

"सर, त्या खुर्च्या वाजवणाऱ्यांसाठी आहेत."

"कोण वाजवणारे? तुमी तर एकटेच आलात."

"कुणी आलंच तर."

"कुणी येत न्हाई सर. अन् मान्यवरांना उठा म्हणू का आता? मला गावात ऱ्हायचं हाय."

खुर्च्यांचं प्रकरण आधी सांगतो. मी ब्राझीलचं जुनं संगीत वाजवतो. त्याला शोरू म्हणतात. ते टेबलाभोवती गोल बसून, एकमेकांकडे तोंड करून वाजवायचं असतं. ज्याच्याकडे वाद्य असेल त्याने खुशाल खुर्ची ओढावी. बासरी बोलते आणि माझी गिटार खालच्या सुरांत तिला उत्तर देते. त्यासाठी या गिटारला नेहमीपेक्षा एक जाड तार जास्त असते. थोडक्यात, माझं काम उत्तर देण्याचं.

माझा बासरीवाला दोस्त सुहास कॅनडाला मुलाकडे गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून दोघांचंही मी एकटाच वाजवतो. गावोगाव हिंडलो. प्रत्येक स्टेजवर खुर्च्या मांडल्या, माइकवरून आमंत्रण दिलं. कुणी आलं नाही. कार्यक्रम झाला की लॉजवर जायचं आणि भिंतीकडे बघत पार्सल खायचं. खरं सांगतो, मी फार कंटाळलो होतो. पाटोद्यातही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर ही गिटार विकायची आणि क्लासमध्ये पोरांना सिनेमाची गाणी शिकवायची, असं ठरवूनच एसटीत बसलो होतो. आणि इथे खुर्च्या भरल्या, त्या अशा!

वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या तुकड्यातच अध्यक्षांचा फोन वाजला, ते गेले. मागोमाग प्रमुख पाहुणे हात जोडून उठले. त्यांना गेवराईत दुसरा सत्कार होता. त्यांच्याबरोबर निम्मं सभागृह गेलं. आबा तेवढे नारळ धरून बसून होते.

मग सुहासच्या आवडीची चीज घेतली. तिच्यात सगळं उलटं आहे. आधी गिटार एक ओळ बोलते आणि बासरी तिला उत्तर देते. या एका चीजेत बासरीच्या जागी मी काहीच वाजवत नाही. ती जागा भरायला माझा हात धजत नाही. पहिली ओळ वाजवली आणि थांबलो.

"हं," आबा म्हणाले.

घसा साफ केला असेल म्हणून मी पुढची ओळ वाजवली. थांबलो.

"हं. मंग?"

तिसऱ्या ओळीनंतरही तेच. चौथीनंतरही. आता मी ओळ संपली की त्यांच्याकडे बघायला लागलो आणि ते मान हलवायला लागले. ती चीज मी संपवलीच नाही, पुन्हा पहिल्यापासून घेतली.

कार्यक्रमानंतर विचारलं, "आबा, आवडलं का?"

"खरं सांगू? कायबी कळलं न्हाई."

"मग हुंकार कशाला देत होता?"

"तुमी कायतरी सांगत होता न्हवं? रानात मेंढरांच्या वाड्यावर रातच्याला कुणी गोष्ट सांगाय लागलं की एकानं हुंकार द्यावा लागतोय. न्हाईतर सांगणारा एकटा पडतोय बघा."

एवढं बोलून ते शेळ्यांची वेळ झाली म्हणून निघून गेले. मी स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत बसलो. शेजारच्या जागेवर गिटारची पेटी. आबा काही माझ्याबरोबर दौऱ्यावर येणार नव्हते आणि रात्रीचं पार्सलही मी एकट्यानेच खाल्लं.

पण गिटार विकली नाही. खुर्च्या अजूनही मांडायला लावतो. फक्त त्या वाजवणाऱ्यांसाठी आहेत, हे आता आयोजकांना सांगत नाही.