मेलेली वाळू

गवंड्याचे गुडघे गेले तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. चाळीस वर्षं परांचीवर उकिडवं बसून भिंतींना गिलावा केल्यावर गुडघ्यांनी तरी दुसरं काय करावं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, शिडी बंद. गवंड्याने थापी, रंधा, ओळंबा एका पोत्यात गुंडाळला आणि मुलाकडे राहायला गेला. मुलगा मालट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरात राहिली सून, आणि घराखालच्या गाळ्यात सुनेचं दुकान. शोभेच्या माशांचं.

दुकान म्हणजे दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या, मध्ये एक माणूस जेमतेम वळेल एवढी वाट, आणि दिवसभर पंपांची बुडबुड. सुनेने सासऱ्याला दाराशी स्टूल दिलं. येणाऱ्याला 'या' म्हणायचं, जाणाऱ्याला 'दार लावा' म्हणायचं. दाराच्या कडीचं काम मला दिलंय, फक्त कडीला दोन वेळा जेवायला लागत नाही, असं तो स्वतःच सांगत सुटायचा. सून वाईट नव्हती. पण तिला गप्प बसणारा माणूस हवा होता, आणि हा गिऱ्हाइकासमोर टाकीच्या सांध्यावरून बोट फिरवून विचारायचा, हा सांधा कुणी भरलाय?

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. त्यांच्या दवाखान्यात, लोक जिथे पाळीची वाट बघत घाम पुसत बसतात, तिथे सहा फुटी टाकी होती. तिच्या तळाला निळी-गुलाबी खडी. खडीच्या फटींत माशांचं उरलंसुरलं खाणं अडकायचं, कुजायचं, आणि पाण्याला वास सुटायचा. बाईंना खडी काढून वाळू हवी होती आणि वाळूवर फिरणारे अकरा मिशाळे. बोटाएवढा मासा, ओठांपाशी बारीक मिशा, आणि त्या मिशांनी दिवसभर तळ चाचपत खाणं शोधायचं, एवढाच त्याचा संसार. सुनेने पाकिटातल्या परदेशी वाळूचा भाव सांगितला. बाई म्हणाल्या, एवढ्यात मी दोन दात बसवून देते.

सून काम सोडायच्या बेतात होती, तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"वाळूच ना? मी आणतो."

सून सासऱ्याला मामा म्हणायची. "मामा, माशांची वाळू वेगळी असते."

"वाळू ती वाळू. ती कळायला अक्कल लागते, पाकीट नाही."

तिने थोडा विचार केला. स्वस्तातली साधी वाळू नीट धुतली तर चालते, हे तिलाही ऐकून माहीत होतं. चाळीस वर्षं वाळूत काढलेला माणूस घरात बसून आहे, हेही दिसत होतं. तिने हो म्हटलं, पण अट घातली. मासे बिघडले तर दुकानाचं नाव जाईल, आणि मग मामांनी दुकानातल्या कशालाच हात लावायचा नाही. स्टूल आणि दार, बस्स. गवंडी कबूल झाला. आपण वाळूत चुकू, ही शक्यता त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

त्याने आणली ती वाळू म्हणजे वाळूंची राणी. जुन्या जोडीदाराच्या बांधकामावरून, ढिगाच्या पोटातून काढलेली. मूठभर घेऊन कानाशी धरली, चोळली. करकर बोलली. गवंड्यांची परीक्षा हीच : धारेच्या कणांची वाळू बोलते, कण एकमेकांत रुततात आणि गिलावा भिंतीला धरून राहतो. मग त्याने बाटलीत पाणी घालून ती हलवली, माती किती वर बसते ते पाहिलं. सुनेच्या सांगण्यावरून चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकलं. फेस आला नाही, म्हणजे पाणी बिघडवणारी चुनखडी नाही. मग बादलीत नळ सोडून ढवळायची, गढूळ पाणी ओतायचं, परत ढवळायची. तिसाव्या बादलीला पाणी नितळ आलं. टाकीत त्याने दोन बोटं जाडीचा थर दिला आणि वर रंधा मारून असा सपाट केला की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यावर चालावंसं वाटतंय.

मिशाळ्यांनी तासाभरात त्या फरशीचं शेत करून टाकलं. गवंडी दर दोन दिवसांनी टाकी बघायला जायचा, दवाखान्यात बसलेल्यांना वाळूवर व्याख्यान द्यायचा. ज्यांची दाढ ठणकत होती तेही बिचारे ऐकायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्याने चष्मा पुसून नाक काचेला लावलं आणि मासे मोजले. अकराच्या अकरा होते. पण सात जणांच्या मिशा अर्ध्या झाल्या होत्या, आणि दोघांच्या तर ओठांपाशी नुसते लाल ठिपके उरले होते.

बाईंनी सुनेला फोन केला. सुनेला वाटलं पाण्यातला काही रोग असेल. तिने औषधाची बाटली नेली, थेंब मोजून टाकले. गवंडी शेजारी उभा होता. त्याला रोग ठाऊक होता. बँकेत अंगठा घेणारं यंत्र गेली दहा वर्षं त्याचा अंगठा नाकारत आलं होतं, कारण अंगठ्यावर रेघच शिल्लक नव्हती. गिलाव्याच्या चांगल्या वाळूने ती घासून खाल्ली होती. माणसाच्या चामड्याची ही गत, तर केसाएवढ्या मिशीची काय कथा. भिंतीला जी धार लागते तीच धार माशाला लागली.

दोन दिवस तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती म्हणा. औषधाने गुण आला नाही की पाण्यावर खापर फुटलं असतं, नाहीतर मासेच नाजूक होते असं ठरलं असतं. चाळीस वर्षांत भिंत तडकली तेव्हा त्याने सिमेंटला दोष दिला होता, उन्हाला दिला होता, मालकाच्या घाईला दिला होता. वाळूला कधी नाही, कारण वाळू तो स्वतः निवडायचा.

तिसऱ्या दिवशी सून दुसरी बाटली घेऊन निघाली.

"औषध टाकू नको," तो स्टुलावरूनच म्हणाला. "वाळू चुकली."

तिने बाटली पिशवीतून काढून फळीवर ठेवली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिने एवढंच विचारलं, मग बरोबर कुठली?

ती कुठे मिळते ते त्याला माहीत होतं, आणि खरी अडचण तीच होती.

गावाबाहेरच्या वखारीचा शेठ आणि गवंडी यांचं जुनं वाकडं. शेठची वाळू पाण्याने आणि वाऱ्याने घासून इतकी गोल गुळगुळीत झाली होती की मुठीत हूं की चूं करायची नाही. गवंड्याने तिला मेलेली वाळू असं नाव पाडलं होतं आणि भरल्या गाड्या चारचौघांत परत पाठवल्या होत्या. आता तो वखारीत गेला आणि ताकाला जाऊन भांडं लपवायला लागला. सिमेंटचा भाव विचारला, शेठचा खोकला विचारला, वजनकाटा नवा घेतला का विचारलं. शेठ मुरलेला. त्याने गवंड्याची नजर कुठल्या ढिगावर जाते ते पाहून ठेवलं होतं.

"मिस्त्री, कुणाच्या भिंतीला मेलेली वाळू लावताय?"

"भिंतीला नाही. माशांना पाहिजे."

हमाल पोती टाकून जवळ आले. शेठ म्हणाला, दोन पोती फुकट देतो, फक्त माझी वाळू चांगली आहे असं या सगळ्यांसमोर म्हणा.

गवंड्याने ढिगात हात घातला, मूठ भरली, बोटांतून गळू दिली. एकही कण टोचला नाही.

"भिंतीला ही वाईटच," तो म्हणाला. "माशाला हिच्यासारखी नाही. आणि पोती फुकट नकोत."

शेठने डोकं हलवलं आणि हमालाला फावडं आणायला सांगितलं.

ही वाळूही त्याने तीस बादल्या धुतली. रविवारी दवाखाना बंद असताना सासऱ्या-सुनेने टाकी उपसली. मासे बादलीत काढले, जुनी वाळू घमेल्यांनी बाहेर गेली, नवी आली. डॉक्टरीणबाई हात बांधून बघत होत्या. मासे परत सोडल्यावर एक मिशाळा सरळ खाली गेला, वाळूत तोंड खुपसलं, आणि गिळलेली वाळू त्याच्या कल्ल्यांतून धुरासारखी बाहेर पडली.

बाईंनी विचारलं, आधीची वाळू कुणी दिली होती? सुनेने सांगायला सुरुवात केली की बाजारात हल्ली माल काय येतो, कुणावर भरवसा...

"मीच दिली होती," गवंडी मध्येच म्हणाला. "ती निवडलेली माझी, आणि ही पण माझीच."

बाईंनी वाकून टाकीत पाहिलं. मिशा परत येतात का, असं त्यांनी विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, बऱ्याच जणांच्या येतात.

परतताना रिकामी घमेली तिने उचलली आणि सांगून टाकलं : गुरुवारी एका शाळेची टाकी आहे, वाळू मामांनी बघायची, पण आधी तिच्यापुढे ठेवायची. ती भिंग लावून बघेल, मगच टाकीत जाईल. आपण निवडलेली वाळू दुसऱ्याने तपासावी, ही गोष्ट गवंड्याने उभ्या जन्मात ऐकून घेतली नव्हती. बरं म्हणाला.

सात माशांच्या मिशा दोन महिन्यांत वाढल्या. दोघांच्या आल्या नाहीत. त्यांना तळातलं खाणं सापडायचं नाही, एका नळीतून ते तोंडापुढे सोडावं लागायचं. ते काम सून कुणाला सांगायच्या आधीच गवंडी रोज सकाळी जाऊन करून यायचा.